पीळ आणि ताठरपणा

१९९९ ते २००६ या काळातील, चारही चाकांना गती देणाऱ्या शेव्हरोले सिल्व्हरॅडो १५०० या अमेरिकी पिकअप ट्रकचा पुढील भार पीळ पडणारे पोलादी दांडे पेलतात. दांड्याच्या टोकाशी असलेला बोल्ट आवळला की ट्रक पुढून उंचावतो. नवा भाग लागत नाही. ‘दांडा ताठर झाला’ असे मग म्हटले जाते. हा शब्दप्रयोग भ्रामक होय. ताठरपणा धातू, लांबी व जाडी यांवर ठरतो. जाडी दुप्पट केल्यास तो १६ पट होतो. बोल्टाने बदलते ती केवळ आरंभस्थिती. मिळालेली उंची चाकाच्या खाली जाण्याच्या मोकळिकीतून वजा होते. चाक रोधकावर लवकर आदळते, आणि हाच आघात ताठरपणा भासतो. शिवाय आसाच्या सांध्यांवर ताण वाढतो. म्हणून उंची बेताचीच वाढवावी आणि वाचलेल्या पैशातून व्हील अलाइनमेंट अवश्य करून घ्यावी.