माँटेरे किनाऱ्यावरील निमज्जनस्थळे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याच्या मध्य किनाऱ्यावर माँटेरे द्वीपकल्प व त्याच्या दक्षिणेस कार्मेल उपसागर आहे. समुद्रात बुडी मारण्याची येथील स्थळे समशीतोष्ण कटिबंधातील निमज्जनाचा उत्तम नमुना मानली जातात. दाबाखालील हवेची टाकी पाठीवर वाहून नेणारे स्कूबा हे श्वसनसाधन वापरणाऱ्या पाणबुड्यांसाठी शिकाऊपासून निष्णातापर्यंत सर्वांना योग्य अशी ठिकाणे येथे थोड्याच अंतरात आढळतात. मात्र एखादे स्थळ सोपे की अवघड, हे येथे खोलीपेक्षा लाटांपासून मिळणारा आडोसा व किनाऱ्याचा उतार यांवरून अधिक ठरते.

माँटेरे उपसागराच्या तळाशी एक प्रचंड निदरी असून तिची खोली समुद्राकडील टोकाशी ३,६०० मी.हून अधिक भरते. तिचीच एक शाखा कार्मेल उपसागरात किनाऱ्याच्या अगदी जवळ येते. वसंत व ग्रीष्म ऋतूंत वायव्येकडील वाऱ्यांमुळे पृष्ठभागावरील पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते व त्याच्या जागी खालचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. येथील विपुल जीवसृष्टी या पाण्यावर पोसली जाते. पाणबुड्याला सोसावी लागणारी थंडीही त्याचीच देणगी होय. पाण्याचे तापमान सामान्यतः १०° ते १५° से. असते. १९५२ च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर या भौतिकीविज्ञांनी निओप्रीन या फेसाळ रबराचा पोशाख सुचविल्यानंतरच अशा पाण्यातील हौशी निमज्जन खऱ्या अर्थाने शक्य झाले. तथापि, २० मी. खोलीवर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या तिप्पट होतो, त्यामुळे निओप्रीनमधील वायूचे बुडबुडे दबून पोशाखाची ऊब व तरंगण्याची क्षमता दोन्ही घटतात.

या किनाऱ्याचे खरे वैभव म्हणजे केल्प या तपकिरी शैवलाची वने. मॅक्रोसिस्टिस पायरिफेरा ही येथील प्रमुख जाती तळावरील खडकाला घट्ट धरून ३० मी. किंवा अधिक वाढते व पृष्ठभागावर पसरून दाट छत तयार करते. छतातून झिरपणाऱ्या प्रकाशात रॉकफिश, जलसिंह, सागरी अर्चिन, तारामासे व रंगीबेरंगी शंखहीन गोगलगाई दिसतात. केल्पमध्ये अडकण्याची नवशिक्याला फार धास्ती वाटते. वास्तविक त्याचे देठ ताणल्यास तुटत नाहीत, पण वाकविल्यास सहज मोडतात. गुंतल्यावर वळवळ न करणे आणि छताखालून मोकळ्या पाण्यात परतण्यापुरती हवा राखून ठेवणे, ही येथील पहिली शिकवण असते.

माँटेरे शहरातील सॅन कार्लोस पुळण शिकाऊंसाठी सर्वांत सोयीची आहे. बंदराच्या लाटारोधक भिंतीमुळे येथे पाणी बहुधा शांत असते, वाळूचा उतार सौम्य असून भिंतीच्या बाजूने खोली हळूहळू सु. १५ मी.पर्यंत वाढते. भिंतीवर जलसिंहांचे कळप पहुडलेले असतात. काही अंतरावर मेट्रिडियम या पांढऱ्या पिसांसारख्या समुद्रपुष्पांचे विस्तीर्ण क्षेत्र आहे. ते गाठण्यासाठी होकायंत्राचा सराव असावा लागतो. पॅसिफिक ग्रोव्ह येथील लव्हर्स पॉइंटही आडोशाचे, पण उत्तरेकडून लाटा आल्यास गैरसोयीचे ठरते.

कार्मेल उपसागराच्या दक्षिण टोकास पॉइंट लोबोस हे राखीव क्षेत्र आहे. १९६० मध्ये त्याला जोडण्यात आलेला सागरी भाग हे देशातील पहिले जलांतर्गत राखीव क्षेत्र होय. व्हेलर्स कोव्ह या आडोशाच्या लहान आखातातून पाण्यात उतरता येते. मध्यम अनुभवाच्या पाणबुड्याला ते मानवते. आखाताबाहेर गेल्यास खोली व लाटा दोन्ही वाढतात. दररोज मर्यादित जोड्यांनाच प्रवेश मिळतो, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते व तेथून काहीही उचलून नेण्यास मनाई आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेन्नोसुके कोदानी यांनी ॲबलोनी हे शिंपल्यातील खाद्य प्राणी काढण्यासाठी जपानहून पाणबुडे येथे आणले. नुसत्या श्वासावर बुडी मारणाऱ्या त्या तरबेज माणसांनाही हे पाणी सोसले नाही व त्यांना शिरस्त्राणयुक्त पोशाखाचा आश्रय घ्यावा लागला.

लोबोसच्या लगतच असलेली मोनॅस्टरी पुळण मात्र निष्णातांनीच वापरावी अशी आहे. समोरील कार्मेलपंथी मठावरून तिला हे नाव मिळाले. निदरीचे मुख येथे इतके जवळ आहे की, किनाऱ्यावरून पोहत खोल दरीच्या काठापर्यंत पोहोचता येते. हेच तिचे आकर्षण. परंतु पुळणीचा उतार तीव्र असल्याने लाटा दूरवर फुटून आपली शक्ती गमावत नाहीत, त्या थेट काठावर येऊन आदळतात. ग्रॅनाइटच्या भरड वाळूत पाय रुततो, लाट माणसाला पाडते व परतताना खाली ओढते. येथे बुडालेल्यांत कंबरभर पाण्यात पडलेले पाणबुडे व काठावर फिरणारे प्रवासीही आहेत. ‘शवागाराची पुळण’ हे तिचे टोपणनाव त्यावरूनच पडले. बाहेर येताना मुखवटा व श्वसननलिका न काढता, उभे न राहता हातापायांवर रांगत लाटांच्या टप्प्यापलीकडे जावे, असा तेथील प्रघात आहे. हे दृश्य हास्यास्पद वाटले, तरी उभे राहण्याचा मोह अनेकांना भोवला आहे. ज्या दिवशी समुद्र शांत दिसतो, त्या दिवशीही काही काळ थांबून लाटांचे मोठे गट पाहून घेणे आवश्यक असते. कार्मेल उपसागराच्या मुखाशी असलेले पिनॅकल्स हे खडकांचे सुळके नावेनेच गाठावे लागतात. तेथील जांभळे जलप्रवाळ प्रसिद्ध आहे.

वसंत ऋतूत प्लवकांच्या वाढीमुळे पाणी गढूळ होते, तर हिवाळ्यात वादळी लाटा केल्प उपटून टाकतात. म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ सर्वोत्तम समजला जातो.

१९९२ पासून हा सागरप्रदेश राष्ट्रीय सागरी अभयारण्यात मोडतो. फरसाठी झालेल्या शिकारीने नष्टप्राय झालेल्या सागरी पाणमांजरांचा एक लहान कळप १९३८ मध्ये बिग सर किनाऱ्यावर आढळला. त्यांचे वंशज आता केल्पमध्ये पाठीवर तरंगताना पाणबुड्यांना दिसतात. पाणमांजरे सागरी अर्चिन खाऊन केल्पचे रक्षण करतात. तथापि, २०१३ पासून तारामाशांत पसरलेला शरीर झिजविणारा रोग व २०१४–१६ मधील सागरी उष्णतेची लाट यांनंतर जांभळे अर्चिन बेसुमार वाढले व कित्येक ठिकाणी केल्पची वने जाऊन उघडे खडक राहिले. उपाशी अर्चिनांत मांस उरत नसल्याने पाणमांजरे अशा खडकांकडे फिरकत नाहीत, ती शिल्लक वनांतील पुष्ट अर्चिनांवरच उपजीविका करतात. त्यामुळे आज एकाच बुडीत दाट वन व त्याला लागून ओसाड तळ असे दोन्ही पाहावयास मिळतात.