अमेरिकेतील शेतकरी, संस्था आणि कराची विवरणपत्रे

अमेरिकेत संघ सरकारच्या प्राप्तिकराचे विवरणपत्र कोणते भरावयाचे, हे व्यवसायाच्या कायदेशीर स्वरूपावर ठरते. स्वतःची शेती एकट्याने करणारा शेतकरी १०४० क्रमांकाच्या विवरणपत्रास 'एफ' परिशिष्ट जोडतो आणि त्यात बियाणे, खते, वैरण यांचा खर्च वजा घालून नफातोटा मांडतो. दोघे भाऊ भागीदारीत शेती करीत असतील, तर नमुना १०६५. भागीदारी स्वतः प्राप्तिकर भरीत नाही. ती प्रत्येकाचा हिस्सा 'के-१' पत्रकात दाखविते व कर भागीदारांनी द्यावयाचा असतो. कंपनीस ११२०, सहकारी संस्थेस ११२०-सी.

खरी दक्षता हवी ती धर्मादाय संस्थांना. करमाफी मिळाली म्हणजे कागदपत्रे संपली, हा समज आपल्याकडील कार्यकर्त्यांस अपरिचित नाही. तो तेथेही आढळतो. अशा संस्थांसाठी ९९० हा नमुना आहे. वार्षिक जमा साधारणतः ५०,००० डॉलरपर्यंत असलेल्या बहुतेक लहान संस्थांस ९९०-एन ही अवघ्या आठ बाबींची सूचना इंटरनेटद्वारे पाठविली तरी पुरते. हिशेबाचे वर्ष संपल्यानंतर पाचव्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ती जावयास हवी. लागोपाठ तीन वर्षे ती गेली नाही, तर करमाफी आपोआप रद्द होते. २००६ च्या कायद्याने हा नियम आणला. जून २०११ मध्ये पहिली यादी निघाली, तीत सुमारे २,७५,००० संस्था होत्या. त्यांतील बहुसंख्य बंद पडलेल्या असाव्यात, असे कर खात्याचेच मत होते. चालू असलेल्या संस्थांना मात्र करमाफीसाठी शुल्क भरून नव्याने अर्ज करणे भाग होते.