हलव्याला काटा फुटतो तेव्हा

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात जुलै महिन्यात कुकीवर आयसिंगची नक्षी काढून बघा. उल्हास नदी जवळच, बाहेर पावसाची झड. रात्री काढलेलं फूल सकाळीही बोटाला चिकटतं आणि पाकळीचा लाल रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरलेला असतो. तीच नक्षी नाताळच्या कुकीवर काही तासांत खडखडीत वाळते.

हा सगळा खेळ साखर आणि पाण्याचा. 20 अंश तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळते. उकळत्या पाण्यात याच्या दुपटीहूनही जास्त. अंड्याच्या पांढऱ्या बलकात घोटलेल्या पिठीसाखरेतली थोडी विरघळते, बाकीची बारीक कणांच्या रूपात तशीच राहते. पाणी उडून गेलं की विरघळलेली साखर पुन्हा स्फटिक होऊन त्या कणांना एकमेकांशी सांधते. पण हवेतली आर्द्रता साधारण 85 टक्क्यांच्या वर गेली, की साखर उलट हवेतलंच पाणी ओढून घेऊ लागते. मग नक्षी सुकणार कशी?

साखरेच्या नक्षीची आपल्याकडची खरी कमाल मात्र संक्रांतीच्या हलव्यात आहे. खसखस, तीळ किंवा साबुदाणा परातीत घ्यायचा, खाली मंद आच, आणि पाक चमच्या-चमच्याने सोडत बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचे. पाकात आधी थोडं दूध घालतात. दुधातली प्रथिनं गोठताना मळी सोबत घेऊन वर येतात, म्हणून हलवा इतका शुभ्र होतो. पाक जास्त पडला तर दाण्यांचे गोळे होतात. आच वाढली तर रंग जातो. घाईला इथे जागाच नाही, नीट हलवा व्हायला दिवस लागतात.

आणि काटा? तो कुणी कोरत नाही. पाकाचा पातळ थर दाण्यावर सुकतो, पण अगदी एकसारखा कधीच नाही; कुठेतरी कणभर उंचवटा राहतोच. फिरताना हा उंचवटा परातीला आणि पाकाला आधी भिडतो, शिवाय त्याच्यावरचं पाणी चहूबाजूंनी लवकर उडतं. पुढच्या थरात तो आणखी वाढतो, खळगा मागेच राहतो. थरावर थर चढत गेले की त्याचाच टोकदार काटा होतो. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात ते साखरेने दाणा धरू नये म्हणून. आम्लामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि त्यांची स्फटिकांना आडकाठी होते. हलव्याला तर स्फटिकच हवेत, त्यामुळे इथे आंबटाचा हात आखडताच बरा.

जपानमध्ये हलव्याचं सख्खं भावंड आहे, कोनपेतो. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ही मिठाई तिकडे नेली. 1569 मध्ये लुईश फ्रोइश या धर्मोपदेशकाने ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला ती भेट दिली होती. तापलेल्या, तिरक्या, फिरत्या कढईत साखरेवर पाक चढवत तिलाही अशीच शिंगं फुटतात. सगळ्या बाजूंनी सारख्या वाढणाऱ्या दाण्याचा गुळगुळीत गोळा न होता त्याला शिंगं का यावीत, या प्रश्नाने तेरादा तोराहिको या पदार्थवैज्ञानिकाला पछाडलं होतं. आपल्या हलव्याकडेही कुणीतरी असंच प्रयोगशाळेतून पाहावं असं मला मनापासून वाटतं. काळ्या साडीवर हलव्याचे दागिने घातलेली नवी सून आणि बोरन्हाणाचं बाळ यांच्या अंगावर त्या प्रश्नाचे शेकडो नमुने असतात.

मुंबईपेक्षा बदलापुरात जानेवारीतला गारठा जास्त, हवाही कोरडी, म्हणजे हलव्याला अनुकूल. राखी-गणपतीच्या कुकीजसाठी मात्र युक्ती लागते. आयसिंग दाटसर ठेवावं, एक रंग पुरता सुकल्यावरच दुसरा भरावा, आणि कुकीज एसीच्या खोलीत पंख्याखाली सुकवून लगेच हवाबंद डब्यात भराव्यात. नानकटाईवर आयसिंग करायचं तर तूप थोडं कमी घालावं, नाहीतर ते वर झिरपून पांढऱ्यावर पिवळट डाग पडतात.