गंभीरगडाचा बेत : हिशेब संध्याकाळपासून मांडा

भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला की डहाणू-तलासरीकडच्या घरांना पौषात चार दिवसांची उसंत मिळते. अशा वेळी पोरे मागे लागतात, "यंदा गंभीरगडावर न्याच!" न्यावे, जरूर न्यावे. पण बेत नीट आखून.

झरीच्या माणसाला चालण्याचे काय कौतुक? २३ मे १९४५ रोजी याच गावी वारली बांधवांची मोठी सभा भरली, तेव्हा पाड्यापाड्यांतून हजारो लोक पायी आले होते. महालक्ष्मीच्या चैत्रातील यात्रेत पुजारी रात्रीच्या अंधारात ध्वज घेऊन डोंगर चढतात. पण ती वाट त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गंभीरगड आपल्याला परका, हे आधी ध्यानात घ्यावे.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही सहाजण गेलो. बरोबर दहा वर्षांचा भाचा होता. निघता निघता अकरा वाजले. वाटाड्या घेतला नाही. माथ्यावर दोन वाजता पोहोचलो आणि जेवून निवांत पडलो. उतरताना वाळल्या गवतात पायवाट हरवली आणि भलत्याच घळीत शिरलो. पाणी संपले, अंधार पडला, पोर रडू लागले. आमच्या हाका ऐकून खालच्या पाड्यावरचा एक गुराखी बॅटरी घेऊन आला, म्हणून घर दिसले. खाली आल्यावर तो एवढेच म्हणाला, "दादा, डोंगर कुठं पळून जातो का? उद्या आला असता."

उलटा हिशेब

तेव्हापासून आम्ही वेळ संध्याकाळपासून मागे मोजतो. पौषात सहाच्या सुमारास दिवस मावळतो, झाडीत त्याआधीच अंधारते. म्हणून चारला पायथा गाठायचा. उतरायला अडीच तास धरले, तर दीडला माथा सोडायचा. गड सुमारे सव्वादोन हजार फूट उंच. मुलाबाळांसह चढायला तीन तास धरावेत. म्हणजे आठ वाजता चढ सुरू झालाच पाहिजे. तलासरीहून चारोटी, कासा, सायवन करीत व्याहाळीकडे जायचे, तर घर पहाटेच सोडावे लागते. साडेबारापर्यंत माथा आला नाही, तर असाल तेथून मागे फिरावे. हे घरीच ठरवावे. वर गेल्यावर कोणाला मागे फिरवत नाही.

बरोबर काय घ्यावे

माणशी तीन लिटर पाणी. गडावरच्या टाक्यांवर विसंबू नये. तांदळाची भाकरी, चटणी, गूळ, चणे. पायात रबरी सपाता नकोत, पकडीचे बूट हवेत. हातात काठी, पिशवीत बॅटरी आणि दोरी. मोबाईलला डोंगरात रेंज मिळेलच असे नाही. म्हणून कोण कोण जाणार, कोणत्या वाटेने आणि केव्हा परतणार, हे घरी व पायथ्याच्या पाड्यावर सांगून ठेवावे. वाटाड्या पाड्यावरचाच घ्यावा व त्याची मजुरी आधी ठरवावी.

चार पथ्ये

कड्यावर आग्यामोहोळ असू शकते. धूर किंवा दगडफेक करू नये. वाळल्या गवतात विडी-काडी मुळीच नको. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसराने भूकंपाचे अनेक धक्के सोसले आहेत. सैल दगडांच्या कड्याखाली विसाव्याला बसू नये. थंडीतही घोणस फिरते. साप चावलाच तर चिरा देऊ नये, आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली आणावे. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने कासा येथील उपजिल्हा रुग्णालय गाठावे.

वाटेत शेंदूर लावलेला दगड दिसला तर पायताण काढून पुढे जावे. तो कोणाचा तरी देव आहे.

मंडळी, माथा गाठला नाही म्हणून कोणी हसणार नाही. चुलीवर भात ठेवून दाराशी वाट पाहणाऱ्या माउलीला माथ्याशी काय करायचे? दिवेलागणीला सगळी पोरे अंगणात आली, की तिच्या लेखी गड सर झाला.