शून्याच्या रकान्यातला वायू

भारत व ब्रिटन यांच्यात 24 जुलै 2025 रोजी झालेल्या करारान्वये स्कॉच व्हिस्कीवरील 150 टक्के आयातशुल्क प्रथम 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर यावयाचे ठरले, तेव्हा आमच्या वृत्तपत्रांनी बाटलीच्या उतरत्या किमतीचा हिशेब मोठ्या हौसेने मांडला. तिच्यापायी हवेत सोडल्या जाणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडचा हिशेब मात्र कोणी विचारला नाही.

ज्या स्कॉटलंडात जोसेफ ब्लॅकने 1756 साली या वायूचे गुणधर्म प्रयोगाने प्रसिद्ध केले, तेथेच 1823 च्या अबकारी कायद्यानंतर चोरट्या भट्ट्यांची जागा परवान्याच्या कारखान्यांनी घेतली. त्यानंतरचा दीर्घ काळ या विषयापुरता नीरसच. अपवाद एवढाच, की डिस्टिलर्स या बड्या स्कॉच-कंपनीने घनरूप कर्बवायू ‘कार्डाइस’ नावाने विकला. परंतु 1986 साली ती कंपनी गिनेस या बिअर-कंपनीच्या घशात गेली आणि त्या जुन्या काटकसरीची आठवणही मावळली.

मन रेंगाळते ते 2015 नंतरच्या, मी एडिंबऱ्यास काढलेल्या दशकात. आंबवणाच्या टाक्यांत 100 भाग ग्लुकोजपासून सुमारे 51 भाग मद्यार्क आणि 49 भाग कर्बवायू निर्माण होतो, आणि बॉयलरच्या धुरात जो वायू जेमतेम दशांश असतो तोच येथे जवळजवळ निर्भेळ मिळत असल्याने केवळ धुऊन, सुकवून, दाबून त्याचा द्रव करता येतो. असे असता तो का सोडता, या माझ्या पृच्छेवर एका कारखान्याच्या अधिकाऱ्याने ऐकविले, की जवाने हवेतून घेतलेलाच कर्ब हवेत परत जातो, सबब दप्तरी त्याची नोंद शून्य! पिंपांतून वर्षाकाठी उडून जाणाऱ्या सुमारे दोन टक्के मद्याची अबकारी खाते दखल घेते. मद्यार्काच्या जवळजवळ तोलाचा वायू मात्र बेदखल.

सप्टेंबर 2021 मध्ये इंधनवायूचे भाव कडाडून इंग्लंडातील खतांचे दोन कारखाने बंद पडताच त्यांच्याकडून मिळणारा कर्बवायू आटला, कत्तलखाने व पेयांचे कारखाने हवालदिल झाले, आणि सरकारला सार्वजनिक तिजोरीतून पैसा ओतावा लागला. त्याच वेळी उत्तरेकडे स्कॉचच्या कित्येक टाक्या तोच वायू आकाशात सोडीत होत्या. दोनच महिन्यांनी ग्लासगोच्या हवामान परिषदेत संकल्पांची आतषबाजी झाली. बेटावरच्या लहान कारखान्यास यंत्रसामग्री व टँकरची वाहतूक परवडत नाही, हे मान्य; परंतु मुख्य भूमीवरील, गहू-मक्यापासून व्हिस्की गाळणाऱ्या प्रचंड ग्रेन-कारखान्यांच्या तोंडी ही सबब शोभत नाही.

मळीपासून मद्यार्क गाळणाऱ्या महाराष्ट्रातही रसायनशास्त्र निराळे नाही. तेव्हा स्कॉटलंडातील आणि येथील अबकारी अंमलदारांस एवढीच विनंती, की लिटरभर शुद्ध मद्यार्कामागे निघणाऱ्या पाऊण किलो वायूची नोंद कारखानदारांवर सक्तीची करावी. त्यावर कर बसवावयाचा की नाही, ते मागाहून ठरवता येईल.