दोषाचा धनी

टेड टर्नर यांनी १ जून १९८० रोजी अमेरिकेतील अटलांटा येथे जी वाहिनी सुरू केली आणि अहोरात्र केवळ बातम्या देण्याचा शिरस्ता जिने दूरचित्रवाणीत पाडला, त्या सीएनएनच्या कारभाराची सूत्रे मे २०२२ मध्ये हाती घेणारे ख्रिस लिक्ट ७ जून २०२३ रोजी, म्हणजे जेमतेम तेरा महिन्यांत, पदावरून दूर झाले. अपयशाच्या चर्चेत त्यांचेच नाव तेवढे पुढे राहिले. तो हिशेब अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिक्ट यांचे पूर्वाधिकारी जेफ झकर यांनी सहकारी स्त्रीशी असलेले संबंध वेळीच उघड न केल्यामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये राजीनामा दिला होता. एप्रिलमध्ये वॉर्नरमीडिया आणि डिस्कव्हरी या कंपन्यांचे विलीनीकरण होऊन पन्नास अब्ज डॉलरहून अधिक कर्ज शिरावर असलेली नवी कंपनी जन्मास आली व डेव्हिड झास्लाव तिचे मुख्याधिकारी झाले. २९ मार्चला थाटात सुरू झालेली 'सीएनएन प्लस' ही इंटरनेटवरील सेवा २८ एप्रिलला गुंडाळण्यात आली. हा निर्णय सांगणाऱ्यांमध्ये, अद्याप रीतसर पदभारही न घेतलेले लिक्ट होते. पुढे शेकडो माणसांची नोकरी गेली. खर्च आटोक्यात आणावा, वाहिनीचा सूर सौम्य व्हावा, रिपब्लिकनांनीही तिच्या पडद्यावर यावे, ही इच्छा वरिष्ठांचीच होती.

लिक्ट यांची कसूर झाकण्याचे कारण नाही. झकर वार्ताकक्षाच्या मजल्यावर, माणसांच्या वर्दळीत बसत. लिक्ट यांनी आपले दालन न्यूयॉर्कच्या त्याच इमारतीत बाविसाव्या मजल्यावर, वार्ताकक्षापासून दूर मांडले. ज्या माणसांचे मन वळवायचे, त्यांच्यापासूनच ते असे दुरावले. १० मे २०२३ रोजी न्यू हॅम्पशायरमधील सेंट अन्सेल्म कॉलेजात डोनाल्ड ट्रम्प यांचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम झाला. ज्या स्त्रीच्या दिवाणी दाव्यात ज्यूरीने आदल्याच दिवशी त्यांना लैंगिक अत्याचार व बदनामीबद्दल जबाबदार धरले होते, तिची ते टवाळी करू लागले, आणि समोरचा श्रोतृवर्ग हसून टाळ्या पिटू लागला. कार्यक्रमाच्या सूत्रसंचालिका केटलन कॉलिन्स एकट्याच ट्रम्प यांना अडवीत राहिल्या. वार्ताकक्षात संताप उसळला, आणि जूनच्या आरंभी 'द अटलांटिक' मासिकाने लिक्ट यांच्या कारकिर्दीचे जे सविस्तर चित्र प्रसिद्ध केले, त्यानंतर त्यांचे टिकणे अशक्य झाले.

परंतु या साऱ्याच्या मुळाशी असलेली झीज त्यांच्या अखत्यारातील नव्हती. अमेरिकेत केबलचे मासिक बिल भरणाऱ्या प्रत्येक घराकडून, तेथे बातम्या पाहिल्या जावोत वा न जावोत, वाहिनीला ठरावीक वाटा मिळतो. जाहिरातींचे उत्पन्न त्यावर वेगळे. घरोघरी केबल तोडली जाऊ लागली की हे दोन्ही झरे एकदमच आटतात, आणि संपादक कितीही कर्तबगार असला तरी तेरा महिन्यांत ते पुन्हा वाहते करू शकत नाही.

झास्लाव यांनी कर्मचाऱ्यांना सांगितले की अखेरची जबाबदारी आपलीच आहे. एवढे बोलून ते पदावर कायम राहिले. धोरण ज्याने आखले त्याला जाब कोणी विचारावयाचा, याची काही तजवीज कंपनीच्या घडणीत असती, तर या कबुलीला वजन आले असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बीबीसीचे माजी महासंचालक मार्क थॉम्पसन सीएनएनच्या प्रमुखपदी रुजू झाले. ते अनुभवी, विचारी आणि वृत्तव्यवसायाची नाडी जाणणारे. तरीही जानेवारी २०२५ मध्ये त्यांनाही सुमारे दोनशे जागा कमी करण्याची घोषणा करावी लागली.