मद्यपानानंतर चेहरा लाल का होतो?

मद्यातील इथेनॉलचे विघटन मुख्यतः यकृतात दोन टप्प्यांत होते. प्रथम त्यापासून ॲसिटाल्डिहाइड हे विषारी संयुग तयार होते आणि नंतर ‘एएलडीएच२’ हे विकर, म्हणजे रासायनिक क्रियेला गती देणारे प्रथिन, त्याचे निरुपद्रवी ॲसिटेटमध्ये रूपांतर करते. जपान, चीन आणि कोरिया येथील सुमारे ३६ टक्के लोकांमध्ये या विकराच्या जनुकात वारशाने आलेला एक बदल आढळतो; त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत ग्लुटामेट या अमिनो आम्लाची जागा लायसिन घेते आणि एवढ्याशा फरकाने विकराची कार्यक्षमता अतिशय घटते. परिणामी ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचते, हिस्टामिन स्रवते, त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते आणि मळमळू लागते. दारूचे व्यसन सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम हे औषधही हेच विकर रोखून असाच त्रास घडवते.

ही लाली गंभीर इशारा मानली पाहिजे, कारण ॲसिटाल्डिहाइड डीएनएला इजा पोहोचवते आणि अशा व्यक्तींनी मद्यपान चालू ठेवल्यास अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. हिस्टामिनरोधक गोळ्यांनी लाली झाकली जाते, विष मात्र रक्तात तसेच राहते. म्हणून मद्यापासून दूर राहणे हाच अशांसाठी खरा उपाय होय.